मतदार सर्वेक्षणाला किती माणसं पुरतात? आधी यादी आणि बंद दार पाहू

गोव्यातल्या साखळी गावच्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं आहे: "आम्ही काही सहकारी मिळून देशभरातल्या मतदारांचं मत आणि मतदानाचं वर्तन यांचं सर्वेक्षण आखतोय. पहिली चाचणी गोव्यात करायचा विचार आहे. किती माणसं घेतली म्हणजे पुरे? फोनवर केलं तर चालेल का? आणि लोक खरं सांगतात हे कशावरून?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. गेली वीसेक वर्षं मी असल्या पाहण्यांचं फील्डचं काम करते, आधी प्रश्नावल्या भरून घेणारी म्हणून आणि नंतर आखणी करणारी म्हणून. माझ्या अनुभवात "किती" हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटतो. त्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्या लागतात: कोणाबद्दल बोलायचंय, कोणत्या पातळीवर बोलायचंय, आणि जो माणूस घरी भेटणार नाही त्याचं काय करायचं. तिसरी गोष्ट बहुतेक आराखड्यांत नसतेच, म्हणून या उत्तरात मी तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

गोव्यात हे काम करताना एक अडचण पहिल्याच दारात येते. आपल्याकडे "ओपिनियन पोल" म्हटलं की जाणत्या माणसांना १६ जानेवारी १९६७ आठवतो. फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश. तो जनमत कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने संघप्रदेशाच्या बाजूने लागला. तिथे प्रत्येक मत मोजलं गेलं आणि त्यावर निर्णय झाला. म्हणून प्रश्नावली भरून घेणारी तुमची मुलं दारात जाऊन "ओपिनियन पोल करतोय" म्हणाली, तर सासष्टीतला म्हातारा माणूस विचारतो, आता परत कशावर कौल? आम्ही "मतदारांची पाहणी" म्हणतो आणि पहिल्याच वाक्यात सांगतो की तुमचं नाव यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखं निघालं आहे. दार उघडं राहतं ते या वाक्यामुळे.

आता पातळीचं बघू. २०२४च्या लोकसभेला देशात ९६ कोटींहून जास्त मतदार होते, गोव्यात पावणेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे गोव्याचा वाटा साधारण ०.१२ टक्के. तुम्ही देशभरात २५,००० माणसांचा दांडगा नमुना घेतलात आणि तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलात, तर गोव्याच्या वाट्याला येतील ३० माणसं. तीस माणसांवरून गोव्याबद्दल एक वाक्यही लिहिता येत नाही, आणि राष्ट्रीय अहवालात लिहायची गरजही नाही. पण गोव्याबद्दल वेगळं बोलायचं असेल तर इथे मुद्दाम जास्त, म्हणजे हजार-दोन हजार माणसं घ्यावी लागतील. मग देशाचा आकडा काढताना त्यांचं वजन उतरवून पुन्हा त्या तिसांइतकं करायचं. दोन्ही शक्य आहे, फक्त खर्च निराळा. तुम्हाला काय लिहायचंय ते तुम्हीच ठरवायला हवं, बाहेरून मी ते सांगू शकत नाही.

आणि जागांचा अंदाज वर्तवू नका, निदान पहिल्या खेपेला तरी. का, ते आपल्याच विधानसभेवरून सांगते. २०१७ साली भाजपला ३२.५ टक्के मतं मिळाली आणि १३ जागा. २०२२ साली ३३.३ टक्के मतं आणि २० जागा. मतांमध्ये टक्काभरही फरक नाही, जागा सातने वाढल्या, कारण विरोधातली मतं जास्त पक्षांत वाटली गेली. आपल्या मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार असतात. २०२२ला पणजीचा निकाल ७१६ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. कोणतंही सर्वेक्षण ७६ मतं पकडू शकत नाही. मतांचा वाटा, मतामागची कारणं, कोणत्या गटाने काय केलं, हे सांगता येतं. आपल्या देशातला या प्रकारचा सगळ्यात भक्कम अभ्यास म्हणजे दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या लोकनीती या गटाचा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास. त्याची खरी किंमतही याच प्रश्नांत आहे. २०१९च्या अभ्यासात त्यांनी २४ हजारांवर मतदारांना घरी जाऊन गाठलं होतं.

आता संख्येकडे वळू. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने निवडलेल्या हजार माणसांवर आकडा चुकण्याची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के येते, हे तुम्ही वाचलंच असेल. हा आकडा गोव्यालाही तोच आणि उत्तर प्रदेशालाही तोच, लोकसंख्या मोठी म्हणून नमुना त्या प्रमाणात वाढवावा लागत नाही. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा हजार माणसं राज्यभर सुटी-सुटी विखुरलेली असतील. प्रत्यक्षात आपण बूथ निवडतो आणि एका बूथमध्ये पंधरा-वीस जणांना भेटतो, कारण गाडीचं भाडं आणि मुलांचे दिवस मोजावे लागतात. एका बूथमधली माणसं एकमेकांसारखी असतात. म्हणून वीस जणांकडून वीस जणांइतकी माहिती मिळत नाही.

समजा तुम्ही २,००० मुलाखती घेणार आहात, आणि एका बूथमधल्या मतदारांतलं साम्य ०.०५ धरलं (शून्य म्हणजे काहीच साम्य नाही, एक म्हणजे सगळे अगदी सारखे). ५० बूथ आणि प्रत्येकी ४० जण घेतलेत, तर तुमच्या २,००० मुलाखतींची ताकद ६८०च्या आसपास सुट्या मुलाखतींइतकी राहते. १०० बूथ आणि २० जण घेतलेत तर हजारावर जाते, २०० बूथ आणि १० जण घेतलेत तर १,३८०च्या आसपास. मुलाखती तेवढ्याच, फक्त पाय जास्त ठिकाणी पडले. आणि गोव्यात हे साम्य ०.०५ वर थांबेल असं मला वाटत नाही. काणकोणात एक अख्खा वाडा वेळीप या आदिवासी समाजाचा असतो, सासष्टीत एका वाड्यावर बहुतेक घरं एकाच कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची. शिवाय वाड्याचा कल पंच कोणाबरोबर गेला त्यावरही हलतो. म्हणून माझा हट्ट असतो की पैसे कमी असतील तर प्रश्न कमी करा, पण बूथ कमी करू नका. राज्यात सतराशेच्या वर मतदान केंद्रं आहेत. त्यांतून शंभर-दीडशे निवडताना मतदारसंख्येच्या प्रमाणात संधी द्या आणि बाराही तालुके येताहेत ना, ते बघा.

बूथ ठरला की यादी. भागवार मतदार यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळते. समजा भागात ६८० नावं आहेत आणि तुम्हाला २० हवीत, तर दर ३४वं नाव. सुरुवातीचा आकडा चिठ्ठी काढून, उदाहरणार्थ ११. मग ११, ४५, ७९ असं खाली उतरत जायचं. कोणाचं नाव घ्यायचं हे आता मुलांच्या हातात उरत नाही. उरायलाही नको.

कागदावर इथवर सगळं सरळ असतं, खरं काम यानंतर सुरू होतं. नुव्याजवळच्या एका वाड्यावर मी आणि एक नवी मुलगी यादी घेऊन गेलो होतो. पहिलंच नाव सव्वीस वर्षांच्या मुलाचं. बलकांवात, म्हणजे ओसरीवर, बसलेली त्याची आई म्हणाली, "पूत तारवार आसा, मे म्हयन्यांत येतलो." म्हणजे तो जहाजावर नोकरीला. दुसऱ्या घराला कुलूप, सगळं कुटुंब इंग्लंडला. तिसरं नाव एका आजींचं, त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली. चौथा माणूस कामावर, संध्याकाळी सातनंतर भेटेल. शेजारच्या दुकानाबाहेर पाच माणसं गप्पा मारत उभी होती, सगळी त्याच बूथची, सगळी बोलायला तयार. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं, कारण तिच्या वयाची असताना मीही तोच विचार केला होता.

त्या पाच जणांना घेतलं की सर्वेक्षण संपलं म्हणून समजा. सकाळी अकरा वाजता दुकानाबाहेर भेटणारे म्हणजे पुरुष, थोडे वयस्क, गावात राहणारे आणि राजकारणावर बोलायची आवड असलेले. पूर्वी एका संस्थेसाठी आम्ही केलेल्या पाहणीत एका तालुक्याचं काम दोन दिवसांत पुरं झालं आणि वरच्या लोकांनी कौतुक केलं. मी फेरतपासणीला गेले तर यादीतल्या नावांपुढे भलत्याच माणसांची उत्तरं होती. मुलं तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, बसून फॉर्म भरत होती. तो सगळा तालुका टाकून द्यावा लागला. पण मुलांना मी दोष देत नाही. त्यांना पूर्ण झालेल्या फॉर्ममागे पैसे ठरलेले होते, फेऱ्यांचे नव्हते. तेव्हापासून मी दिवसावर पैसे देते आणि प्रत्येक नावापुढे किती वेळा, किती वाजता गेलात, हे लिहून घेते.

न भेटणाऱ्यांचे तीन प्रकार आधीच वेगळे करून ठेवा. वारलेले, लग्न होऊन गेलेले, गाव कायमचं सोडलेले लोक मुळात तुमच्या लोकसंख्येतच नाहीत. त्यांची नोंद करा आणि पुढे जा. तात्पुरते बाहेर असलेल्यांकडे किमान तीन फेऱ्या, त्यातली एक रात्री आणि एक रविवारी. सासष्टीत रविवारी मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर, फोंड्यात संध्याकाळी. नकार देणारे तिसरे, त्यांना पुन्हा दुसऱ्या मुलाने एकदा विचारावं आणि मग सोडून द्यावं. नावं कमी पडतील हे गृहीत धरून मी वीस मुलाखतींसाठी चाळीस नावं काढते, पण दोन गठ्ठ्यांत. पहिल्या गठ्ठ्याच्या सगळ्या फेऱ्या संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. बदली माणूस हा शब्दच आमच्याकडे वापरत नाही.

इथे गोव्याच्या दोन गोष्टी नाजूक आहेत. काहींनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेलं असतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्या कायद्याने भारतीय नागरिकत्व आणि त्यासोबत मताचा अधिकार संपतो, पण यादीतलं नाव कधीकधी राहून जातं. मुलांनी हा विषय चुकूनही काढू नये. २०२५च्या अखेरीस गोव्यात मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाल्यापासून लोक यादी हातात घेतलेल्या अनोळखी माणसाकडे आधीच संशयाने बघतात. "आम्ही सरकारी नाही, नाव काढायला किंवा घालायला आलेलो नाही", हे ओळखपत्र दाखवत स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय सर्वेक्षणाला थेट लागू आहे. वास्कोकडच्या झुवारीनगरमध्ये किंवा बायणात राहणारा मजूर, ज्याचं नाव अजून कर्नाटकातल्या गावच्या यादीत आहे, तो इथल्या यादीत सापडत नाही. तिथल्या यादीत सापडतो, पण तिथे त्याच्या दाराला कुलूप. म्हणजे तो दोन्हीकडून निसटतो. देशभरात अशी माणसं किती असतील याचा विचार करा. त्यांना पकडायचं तर काही निवडक बूथच्या हद्दीत यादी बाजूला ठेवून घरांची मोजणी करावी लागते आणि घरातल्या प्रौढांतून एकाला चिठ्ठीने निवडावं लागतं. महाग आहे, पण निदान दहा टक्के बूथमध्ये करा. नाही जमलं तर अहवालात साफ लिहा की स्थलांतरित मजूर आमच्या नमुन्यात कमी आहेत.

आता लोक खरं सांगतात का. बरेच जण सांगतात, पण विचारणाऱ्याने त्यांना अडचणीत टाकलं नाही तर. सगळ्यात सोपा पुरावा मतदान केल्याच्या दाव्यात दिसतो. "तुम्ही मतदान केलं का?" असं थेट विचारलं की न केलेलेही हो म्हणतात, हे जगभर दिसलं आहे. २०२२ला गोव्यात प्रत्यक्ष मतदान ७९ टक्क्यांच्या आसपास झालं होतं. तुमच्या नमुन्यात पंच्याण्णव टक्के हो म्हणाले तर प्रश्न चुकला. मी असं विचारते: "काम, आजारपण, बाहेरगावी असणं, अशा कारणांनी बऱ्याच जणांना मतदानाला जायला जमत नाही. तुम्हाला मागच्या वेळी जमलं होतं का?" बोटावरची शाई बघू नका, दाखवायलाही सांगू नका. तिथून पुढे माणूस उत्तर देत नाही, स्वतःला सोडवून घेतो.

मत कोणाला दिलं हे तोंडी विचारूच नका. चिन्हं छापलेली मतपत्रिकेसारखी चिठ्ठी आणि कुलूप लावलेली पेटी सोबत न्या. सत्तरीतल्या एका घरात नवरा मधे येऊन म्हणाला होता, "तिका कितें कळटा? म्हाका विचार." यादीत नाव बायकोचं होतं. आम्ही चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली, चार घड्या घातलेला कागद पेटीत टाकला आणि चहा ठेवायला वळली. तोंडी विचारलं असतं तर नवऱ्याचंच उत्तर दुसऱ्यांदा लिहून आलो असतो. त्या चिठ्ठीवर फॉर्मचा क्रमांक असतो, नाव नसतं. यादीतली नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि मुलाखत सुरू करण्याआधी संमती घ्या.

गोव्यात मागच्या निवडणुकीबद्दल विचारताना आणखी एक फसगत होते. जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२मध्ये आणखी आठ. आता तुम्ही विचारलंत, "२०२२ला कोणत्या पक्षाला मत दिलं?" तर मतदाराला आठवतो तो माणूस, आणि तो आज ज्या पक्षात आहे त्याचं नाव तो सांगतो. तो खोटं बोलत नाही, त्याने माणसालाच मत दिलं होतं. म्हणून त्या मतदारसंघातल्या त्या वेळच्या उमेदवारांची नावं आणि चिन्हं असलेलं कार्ड समोर ठेवा, आणि "उमेदवार बघून दिलं की पक्ष बघून" हा प्रश्न निराळा विचारा. देशात इतरत्रही हे लागू पडेल, पण आपल्या लहान मतदारसंघांत ते फार ठळक दिसतं.

भाषेचं काम घाईत उरकू नका. मराठीत लिहिलेली प्रश्नावली पेडणे-डिचोलीत चालते, सासष्टीत नाही. तिथे ती कोंकणीत लागते, आणि वाचणारा मुलगा रोमी, म्हणजे रोमन, लिपीत शिकलेला असेल तर त्याच्यासाठी रोमीत छापावी लागते. वास्कोला हिंदी आणि कन्नड ठेवा. भाषांतर झालं की दुसऱ्या कोणाकडून ते परत मराठीत करून घ्या, म्हणजे अर्थ कुठे सरकला ते दिसतं. "सरकारच्या कामावर समाधानी आहात का?" हा साधा वाटणारा प्रश्न गोव्यात पणजीच्या सरकाराबद्दल समजला जातो. दिल्लीबद्दल विचारायचं तर "केंद्रातलं सरकार" म्हणा आणि दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ ठेवा. "नोकरी मिळते का?" यातली नोकरी बहुतेकांना सरकारी वाटते. "बाहेरचे" हा शब्द प्रश्नात नकोच, त्याने माणूस आधीच बाजू घेतो. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता, हे पर्याय न देता विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. डिचोलीत खाण म्हणतील, सासष्टीत जमिनीचं रूपांतर. यादी वाचून दाखवलीत तर तुमचीच यादी परत मिळेल. जात, धर्म, उत्पन्न शेवटच्या पानावर, ओळख झाल्यावर. आणि सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत.

वेळ कोणती? वर्तन अभ्यासायचं असेल तर मतदान झाल्यानंतर आणि मतमोजणीपूर्वी. निकाल लागला की जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे वाढतात. २०२२ला आपल्याकडे १४ फेब्रुवारीला मतदान आणि १० मार्चला मोजणी होती, म्हणजे तीन आठवड्यांची सुंदर सवड. दरवेळी एवढी मिळेल असं नाही, म्हणून बूथ, याद्या, छपाई, मुलांचं प्रशिक्षण सगळं आधी तयार हवं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ लक्षात ठेवा, निवडणूक आयोगाने ठरवलेल्या काळात एक्झिट पोल घेणं आणि प्रसिद्ध करणं दोन्हीला बंदी आहे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत पाहणीचे निष्कर्ष दाखवण्यावरही निर्बंध आहेत. तुमच्या तारखा एकदा वकिलाला दाखवा.

फोनबद्दल थोडक्यात. पहिल्या भेटीसाठी नको. क्रमांकावरून मतदारसंघ कळत नाही, घरात फोन बहुधा पुरुषाच्या हातात असतो आणि अनोळखी क्रमांक उचलणारे निराळ्याच स्वभावाचे असतात. पण एकदा घरी जाऊन भेटलेल्या माणसाला सहा महिन्यांनी पुन्हा गाठायचं असेल तर फोन उत्तम. तारवावरचा मुलगाही तेव्हा सापडतो. आईकडून त्याचा क्रमांक घेऊन त्याची मुलाखत व्हॉट्सॲप कॉलवर घेतलेली आहे, फक्त ती वेगळी नोंदवा.

गोव्यात चाचणी करण्याबद्दल माझं मत: प्रश्नावली तपासायला गोवा चांगला, कारण दिवसभरात चार भाषांची माणसं भेटतात. पण खर्चाचा आणि वेळेचा अंदाज गोव्यावरून बांधू नका. इथे अंतरं लहान, मतदारसंघ लहान, मतदान जास्त. चाचणीतले थोडे बूथ सिंधुदुर्गात किंवा कारवारकडे घ्या आणि थोडे एखाद्या मोठ्या राज्याच्या आतल्या भागात.

सध्या एवढंच करा. तुमच्याच साखळीतला एक बूथ घ्या, दर ३४वं नाव काढा आणि वीसही जणांकडे तुम्ही स्वतः जा, विद्यार्थ्यांना पाठवू नका. कोण भेटलं, कोण कितव्या फेरीला भेटलं, कोण कधीच भेटलं नाही आणि का, हे वहीत लिहा. आठवडा लागेल. त्या वहीवरून तुमच्या फेऱ्या किती, नावं किती काढायची आणि पैसे किती लागतील, हे ठरवता येईल. मग नमुन्याच्या आकड्यावर आपण पुन्हा बोलू.